दुसऱ्या मजल्याची उंची

१

दक्षिण अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, जायचं म्हणजे जायचं. तिकीट काढायचं, बॅग भरायची आणि निघायचं. पण आमच्या दादांना कुठलीही गोष्ट साधी राहिलेली बघवत नाही. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून आम्हाला धरलंय. दर रविवारी दुपारी चार वाजता ते वहिनींना घेऊन आमच्या दुसऱ्या मजल्यावर यायचे, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचे, त्याच्या चार कोपऱ्यांवर माझ्याच घरातले चार कप ठेवायचे आणि विचारायचे, "हं, तर मग, कुठल्या उंचीवर जायचं?"

प्रश्न एवढाच होता. दिवस अठरा, डोंगराळ मुलूख चार, आणि नीट बघून होतील असे दोनच. इक्वेडोरचे ज्वालामुखी, पेरूचे डोंगर, बोलिव्हियाचं पठार, आणि त्याच्याही दक्षिणेला चिली-अर्जेंटिनाच्या हद्दीवरचं ते उजाड, खारट, 'पुना' नावाचं उंच माळरान. चारांतून दोन निवडायचे. यासाठी दादांनी तक्ता केला होता. उंची, थंडी, रस्ते, शौचालयं आणि शेवटचा रकाना 'मनाला काय वाटतं'. प्रत्येकाला दहापैकी गुण. मागच्या रविवारी दिलेले गुण पुढच्या रविवारी खोडले जायचे, कारण मधल्या आठवड्यात मनाला वेगळंच वाटलेलं असायचं. माझ्या नाकी नऊ आले होते.

बायकोचं मत मात्र एकदाही बदललं नाही. "मला सगळ्यात उंच बघायचंय," एवढंच ती म्हणायची आणि कप उचलून न्यायची, म्हणजे नकाशाचा एक कोपरा गुंडाळला जायचा.

तिचं कारण मला ठाऊक होतं. सातव्या वर्षापासून तिला दमा. घरची सगळी कुठे डोंगरावर निघाली की पायथ्याशी तिला एखाद्या दगडावर बसवायचं, भोवती सगळ्यांचं सामान ठेवायचं आणि दादांनीच सांगायचं, "तू खाली बस. पिशव्या सांभाळ. आम्ही वर जाऊन येतो." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती मला म्हणाली होती, "मी अकरा डोंगरांचे पायथे पाहिलेत." हसत म्हणाली होती, पण आकडा लक्षात ठेवलेला होता.

गेली सहा वर्षं नव्या औषधाने ती बरी होती. तरी प्रवासी कंपनीला डॉक्टरांचं पत्र हवं होतं, आणि ते मिळालं नाही तर ती पुन्हा पायथ्याशी बसणार होती. मी स्वतः काय मनात धरून होतो तेही सांगून टाकतो. पत्र मिळू नये असं मला वाटत होतं. तिचे ओठ निळे पडलेले मी दोनदा पाहिलेत. मला ती सपाटीवर हवी होती, चिडलेली चालेल, पण श्वास घेणारी.

२

माझं काम गेज तपासण्याचं. कारखान्यांच्या बॉयलरवरचे, टाक्यांवरचे दाब दाखवणारे गेज आमच्याकडे येतात. खरं बोलतात की खोटं, ते आम्ही बघतो. त्यामुळे प्रवासाला म्हणून विभागाच्या कपाटातलं एक जुनं उंचीमापक मी मागून घरी आणलं. ते उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं. हवा विरळ झाली की त्याला वाटतं आपण वर चढलो.

असं यंत्र हातात आलं की आमच्या धंद्याची एक पद्धत असते. ते महिनाभर एका जागी टांगायचं. रोज सकाळी वाचायचं, काटा सरकला असेल तर फिरवून शून्यावर आणायचा आणि सोबतच्या चिठ्ठीवर त्या दिवसाची दुरुस्ती लिहायची. बेरीज महिन्याअखेर करायची, त्याआधी नाही. आधी केली तर माणसाचं मन त्या बेरजेकडे झुकतं. तीस वर्षं मी असंच केलं आणि कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला, रविवारीच, मी ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. त्या दिवशी दादांनी टेबलावर मूठ आपटून एक गोष्ट पक्की केली होती. "कुठेही जा, पण पायरी-पायरीने जायचं. थोडं चढायचं, थांबायचं. अंगाला कळूही द्यायचं नाही."

"सारखं 'वर जायचं, वर जायचं' काय लावलंय?" वहिनी म्हणाल्या. "ऐकायला बरं नाही वाटत."

दोन तारखेला काटा एकशे दहा मीटरवर होता. मी शून्यावर आणला, चिठ्ठीवर लिहिलं. तीन तारखेला एकशे चाळीस. पाऊसपाण्याने हवेचा दाब थोडा खालीवर होतो, पण तो कधी इकडे कधी तिकडे. हा रोज एकाच बाजूला. म्हणजे आतली स्प्रिंग थकलेली असणार. कपाटातली वस्तू दिली होती, नवी कुठली मिळायला! मी रोज काटा मागे ओढत राहिलो आणि रोज त्या यंत्राला शिव्या घालत राहिलो.

चिडायला तेवढं एकच कारण नव्हतं. घरातला चहा कोमट यायला लागला होता.

"अगं, उकळू तरी दे जरा."

"उकळलाय. बघा ना."

मी उठून बघितलं. पातेल्यात चहा खळखळ उकळत होता. कपात ओतला, तोंडाला लावला, तर बाळाला पाजावा इतका मवाळ. मग बटाटे. तासभर उकळूनही दाताखाली करकर वाजायचे. मी म्हटलं बटाटेच जुने. दुकानदाराशी जाऊन भांडून आलो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्याच्या पलीकडून जायला लागलो.

३

दुसऱ्या रविवारी इक्वेडोर बाद झालं. शौचालयांना चांगले गुण होते, पण दादांच्या मनाला काही वाटत नव्हतं. वहिनींनी पेरूची बाजू घेतली. दादा म्हणाले, पेरू सगळेच करतात. मी म्हटलं, सगळे करतात म्हणजे ते वाईट आहे का? दादा म्हणाले, मी तसं म्हटलं नाही. असा दीड तास गेला.

मध्येच बायकोने बिस्किटांचा पुडा आणला. पुडा उशीसारखा टम्म फुगला होता. वहिनींनी तो कात्रीने कापला तेव्हा फस्स आवाज आला आणि सगळे हसले. मी आत जाऊन फडताळ उघडलं. सगळेच पुडे फुगले होते. आत जागा न उरल्यासारखे एकमेकांना रेटून उभे होते. दोन पुडे मी दाबून पाहिले आणि दार लावून घेतलं. माल खराब आहे, दुसरं काय. पण त्या दुकानदाराकडे पुन्हा जायची माझी छाती नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या खिशात पेन फुटलं, शर्ट गेला. शाम्पूची बाटली उघडल्याबरोबर तिने माझ्या डोळ्यांत पिचकारी मारली. आणि मग नळाला पाणी येईना.

प्लंबर आला तो दारातच बसला. त्याला धाप लागली होती. तिशीतला, चांगला काटक माणूस. दोन पेले पाणी प्यायला, तेही बादलीतलं, मग खाली जाऊन पंप बघून आला, पुन्हा दारात बसला.

"साहेब, पंप चांगला आहे. पाइपही चांगला आहे."

"मग पाणी का येत नाही?"

"येईल कसं?" तो माझ्यावरच वैतागला. "एवढ्या वर कसं चढणार पाणी?"

"अरे, दुसरा मजला आहे हा!"

त्याने जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हत्यारं पिशवीत टाकली, भिंतीला हात धरत उतरायला लागला. मी वरून ऐकत उभा राहिलो. छत्तीस पायऱ्या आहेत आमच्या. त्याची पावलं थांबायला बराच वेळ लागला. पण माणूस दमलेला होता.

तेव्हापासून बायको रोज दोन बादल्या खालून आणायची. मी म्हणायचो, तुला नको, मी आणतो, आणि पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन कठड्याला टेकायचो. डोकं दुखायचं. जेवण जात नव्हतं. ती मात्र माझ्या हातातून बादली घ्यायची आणि गुणगुणत वर जायची. गुणगुणत! तीस वर्षांत मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. गायला श्वास लागतो ना.

प्रवासी कंपनीने एक माहितीपत्रक पाठवलं होतं, उंचावरच्या त्रासाचं. ते मी एकदा चहाबरोबर वाचलं. डोकेदुखी. भूक मंदावणे. झोप न लागणे. चालताना धाप. आणि पाचव्या ओळीत: विनाकारण चिडचिड.

"विनाकारण?" मी मोठ्याने म्हणालो आणि तो कागद चुरगाळून फेकला.

४

डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर गेलो ते पत्र अडवायच्या इराद्याने. खोटं कशाला बोलू. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती: रात्री खोकते, जिना चढताना थांबते. यातलं दुसरं तर खरंही नव्हतं. पण कुणाला तरी सांगायचं होतं की हिला नेऊ नका.

डॉक्टर म्हातारे, तिला लहानपणापासून बघणारे. त्यांनी तिच्या पाठीवर नळी ठेवली. "श्वास घे." तिने घेतला. "अजून." तिने अजून घेतला. त्या लहानशा खोलीत तो श्वास संपेचना. वजनकाट्याशेजारी उभा राहून मी तो ऐकत होतो आणि मला आधी आनंद झाला, मग तो आनंद कुठेतरी अडकला. इतका मोठा श्वास माझाही नव्हता.

डॉक्टरांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचला.

"मधे डोंगरात राहायला होतीस का कुठे?"

"नाही."

"रक्त दाट झालंय. चांगल्या अर्थाने म्हणतोय. डोंगरातल्या लोकांचं असतं असं, उंचावर राहून राहून होतं. दोन-चार दिवसांत होत नाही हे."

"मी दुसऱ्या मजल्यावर राहते," बायको म्हणाली.

डॉक्टर खो खो हसले. तीही हसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती विनोद करत नव्हती.

पत्र मिळालं. माझी वाक्यं तोंडातच राहिली. येताना रस्त्यावर मला बरं वाटायला लागलं होतं, डोकेदुखी उतरली होती, भूकही लागली होती. तीच म्हणाली, "खाली आलं की तुम्हाला बरं वाटतं, नाही?"

"खाली म्हणजे?"

"बाहेर," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

त्या संध्याकाळी ती गॅलरीत स्टूल टाकून बसली. गॅलरी तिची, वाळत घालायची. मी तिकडे सहसा जात नाही. आतूनच विचारलं, काय बघतेस एवढं?

"काही नाही. खालचं दिसत नाही हल्ली. पांढरं असतं."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"असेल," ती म्हणाली. तिचा आवाज इतका सुखी होता की मला राग आला.

५

एकोणतीस तारखेचा रविवार. शेवटची बैठक, सोमवारी कंपनीला दोन नावं कळवायची होती. बोलिव्हियाचं पठार एव्हाना पक्कं झालं होतं. दादांच्या तक्त्यात तिथल्या मुक्कामाच्या शहराची उंची तीन हजार सहाशे चाळीस लिहिलेली होती आणि तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. उरला होता दुसरा मुलूख. पेरू की पुना.

चारला पाच मिनिटं असताना दादांचा फोन आला. "खाली पोचलोय. आलोच वर."

मी दार उघडून ठेवलं. जिन्यात त्यांची पावलं वाजायला लागली. दादांच्या बुटांचा आवाज मी ओळखतो, टाच आधी पडते. त्यामागे वहिनींच्या चपला. मी टेबल पुसलं. चार कप काढले. पावलं येत होती. घड्याळात चार वाजून गेले, सव्वाचार झाले. पावलं येतच होती, एका लयीत, टाच, चपला, टाच, चपला. मी दारात जाऊन वाकून पाहिलं. जिना वळतो तिथे कठडा आडवा येतो, त्यापलीकडे दिसत नाही.

"दादा?"

"हो, आलो," खालून आवाज आला. खूप खालून.

मी बायकोकडे बघितलं. ती कपांत साखर घालत होती. "येतील," ती म्हणाली. "दादाला सवय नाही."

पाच वाजायला आले तेव्हा ते दारात उभे राहिले. दादांचा चेहरा राखेसारखा झाला होता. वहिनींचे ओठ... त्या रंगाचे ओठ मला माहीत होते. दोघं खुर्च्यांवर कोसळली. कुणी नकाशा उघडला नाही.

"लिफ्ट बंद आहे का तुमची?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, लिफ्ट कधी नव्हतीच आमच्याकडे."

"हो का," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने वारा हवा म्हणून त्या गॅलरीत गेल्या आणि लगेच परत आल्या. गॅलरीचं दार त्यांनी लावलं, कडी घातली, त्यावर पडदा ओढला, आणि पदराने हात पुसत बसल्या. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मान हलवली. डोळे मात्र जमिनीवरच ठेवले, फरशी नीट धरून ठेवल्यासारखे.

दादांनी कपाळ दाबत तक्ता काढला. त्यांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "मी काय म्हणतो... आपण हे डोंगर सोडून देऊ या का? समुद्रकिनारे चांगले आहेत तिकडे. सपाट."

माझा जीव भांड्यात पडला. "मला चालेल," मी घाईने म्हणालो.

"मला नाही चालणार," बायको म्हणाली.

ती उभी होती, चहाची किटली हातात घेऊन. तिने तक्ता आपल्याकडे ओढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. पुना. चार हजारांच्या पुढे. "हे. हेच. दादा, तू पायरी-पायरीने म्हणाला होतास. झाल्या पायऱ्या."

"अगं, पण तुझा दम..."

"तुझा बघ आधी."

दादांनी पेन उचललं आणि, मला अजून दिसतं ते, पुनाच्या खाली दोन रेघा मारल्या. त्या क्षणी माझे कान बंद झाले, बोगद्यात गाडी शिरल्यावर होतात तसे. वहिनींनीही कानावर हात नेला. स्वयंपाकघरात फडताळातलं काहीतरी फट् करून फुटलं.

जाताना दादा दारात "येतो" म्हणाले, नेहमीसारखं. त्यांची पावलं मी ऐकली नाहीत. मी रेडिओ लावला, मोठ्याने.

६

सोमवारी सकाळी काटा चारशेवर होता. मी तो शून्यावर आणला, चिठ्ठीवर लिहिलं, आणि मग ते यंत्र खिळ्यावरून काढून पिशवीत टाकलं. महिना भरला होता. आज या स्प्रिंगचा निकालच लावतो, असं ठरवून मी निघालो. बायको गॅलरीत होती. मी "येतो गं" म्हणालो. तिने मागे न बघता हात केला.

विभागात पोचून पिशवी उघडली तर काटा शून्याच्याही मागे जाऊन तबकडीवरच्या अडसराला टेकला होता, आणखी मागे जायला जागा नाही म्हणून थरथरत होता.

आमचे फोरमन, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, चाळीस वर्षं याच कामात आहेत. त्यांनी काटा नीट लावला, यंत्र काचेच्या हंडीखाली ठेवलं, पंप लावून हळूहळू हवा काढली, मग सोडली. तीनदा केलं. मी शेजारी उभा राहून नखं खात होतो.

"कुठे बिघडलंय हे?" वस्ताद म्हणाले.

"स्प्रिंग. रोज सव्वाशे-दीडशे सरकतं."

"सरकत नाही. केसाएवढं सरकत नाही. असं यंत्र हल्ली बनत नाही." त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "तुझी दुरुस्तीच चुकली असेल. जे बरोबर होतं ते तू खोडत बसलास."

मी बाकावर बसलो आणि चिठ्ठी काढली. दोन तारखेपासून एकोणतीसपर्यंत अठ्ठावीस आकडे, माझ्याच अक्षरात, सगळ्यांच्या मागे अधिकचं चिन्ह. मी बेरीज केली. पुन्हा केली. वस्तादांना करायला दिली.

"तीन हजार सहाशे चाळीस," ते म्हणाले. "खाली आजचे चारशे आहेत, ते धरायचे का?"

मला एकदम सगळं ऐकू यायला लागलं. पंपाची घरघर, कुणीतरी कानशीने पितळ घासत होतं ते. माझं डोकं दुखत नव्हतं. सकाळपासून मी कुणावर चिडलोही नव्हतो. रोज सकाळी यंत्र मला सांगत होतं, आणि रोज सकाळी मी त्याचं तोंड धरून शून्याकडे वळवत होतो. उंचावरच्या त्रासावर इलाज एकच, त्या पत्रकात ठळक अक्षरात होता: ताबडतोब खाली उतरा.

मी घरी फोन लावला.

"अगं, खाली ये. आत्ताच्या आत्ता. चप्पल घाल आणि उतर."

"मी आत्ताच उतरले होते," ती म्हणाली. तिच्या मागे वारा वाहत होता, मोठा, मोकळ्या जागेतला. "पिशव्या भरून खाली ठेवल्यात. तुम्ही या."

"तू कुठे आहेस?"

"घरीच. कुठे असणार?"

७

पिशव्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होत्या. दोन. शेजारी तिच्या बाहेरच्या चपला, जोडीने, तोंड रस्त्याकडे करून.

मी चढायला लागलो. उंचीमापक हातात होतं, खाली शून्यावर लावून घेतलं होतं. अठरा पायऱ्या, पहिला मजला, शेजाऱ्यांचं दार, दारावर त्यांची पाटी. पुढच्या अठरा पायऱ्यांवर आमचं दार. मी मोजत गेलो. अठरा झाल्या, जिना वळला. पुन्हा अठरा झाल्या, जिना वळला. दरवाजे नव्हते. प्रत्येक वळणावर खिडकी होती आणि तिच्यात नुसतं पांढरं. भिंतीचा रंग आमचाच होता. मीच लावून घेतला होता तो, बायकोला आवडत नव्हता तरी. काटा सहाशेवर गेला. हजारावर गेला. माझ्या छातीत कुणीतरी गुडघा रोवून बसलं होतं. मी बसून चढलो, मग हातावर चढलो. पंधराशेच्या पुढे पायरी दिसेना, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि खिशातला फोन वाजला.

"तुम्ही चढताय का?"

मला बोलता येत नव्हतं.

"नका चढू. ऐका माझं. तुम्हाला नाही जमणार, तुमचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येतोय." तिचा आवाज स्वच्छ होता, जराही धाप नाही. "उतरा बघू. हळूहळू उतरा. मी फोन धरून ठेवते."

मी उतरलो. लाज वाटते सांगायला, पण उतरलो. जसजसा उतरत गेलो तसतसा श्वास मिळत गेला, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती माझ्यापासून लांब जात होती. शेवटच्या पायरीवर पोचलो तेव्हा ती म्हणाली, "पोचलात?"

"हो."

"मग आता खाली बसा. पिशव्या सांभाळा. मी वर जाऊन येते."

"अगं, अजून वर काय आहे? गच्ची आहे नुसती!"

ती हसली. फोनमध्ये वारा आला आणि मग काहीच आलं नाही.

मी धावत रस्त्याच्या पलीकडे गेलो आणि वळून वर पाहिलं. आमची इमारत तिथेच होती, दोन मजल्यांची. आमची गॅलरीही होती, दोरीवर माझा शाईचा डाग पडलेला शर्ट वाळत होता. तो शर्ट माझ्या नखाएवढा दिसत होता. गॅलरीच्या कडेला तिची पिवळी शाल होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती शाल हलली, मला वाटतं माझ्याकडे बघूनच हलली. मग पाठ फिरली. शेजारून एक माणूस सायकल हातात धरून गेला, त्याने माझ्या नजरेच्या रोखाने वर पाहिलं, आणि सायकलवर बसून जोरात निघून गेला.

दादांना मी बोलावून घेतलं. दोन गल्ल्या सोडून राहतात. ऊन उतरायच्या आत आले, बगलेत नकाशा होताच. मी पायरीवर बसलो होतो, दोन्ही बाजूंना एकेक पिशवी. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, पण पाऊल टाकलं नाही. चपलांकडे पाहिलं.

"वर गेली?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच जीभ चावली.

"मला म्हणाली, तुम्ही खाली बसा. पिशव्या सांभाळा."

दादांचा चेहरा बघवेना. ते माझ्याशेजारी टेकले. नकाशा मांडीवरून घरंगळून रस्त्यावर गेला, तो त्यांनी उचलला नाही. बराच वेळ आम्ही दोघं जिन्यातला आवाज ऐकत बसलो. आवाज नव्हता.

"'जाते' म्हणाली का रे ती?" दादांनी अगदी हळू विचारलं. "नुसतं 'जाते'?"

"नाही," मी म्हणालो. "'जाऊन येते' म्हणाली."

दादांनी मान डोलावली. मग माझ्याकडची एक पिशवी उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसले.